येऊ दे, येऊ दे

उजव्या आरशात नवरा होता, आणि मग नव्हता.

एवढीच गोष्ट. कुणाला काही झालं नाही, पत्र्यावर ओरखडासुद्धा उठला नाही, आणि त्या संध्याकाळी तिथेच लाकडी टेबलापाशी बसून आम्ही दोघांनी पिठलंभात खाल्ला. पण तो दिसेनासा झाल्यावर साधारण चार सेकंद मी ब्रेकवर पाय दिला नाही. ३२ फुटांचं एक अख्खं घर मी मागे सरकवत राहिले. फोन स्पीकरवर होता, त्यावरचं त्याचं ‘येऊ दे, येऊ दे’ही थांबलं होतं. तळ्याकाठी रेंज येते-जाते, कॉल तुटला होता. माणूस दिसत नाही, आवाज येत नाही आणि गाडी चाललीय. मनात काय होतं म्हणाल, तर ‘झाला असेल बाजूला’. त्या ‘असेल’वर मी सात-आठ फूट मागे गेले. मग मागच्या पत्र्यावर धप्पकन थाप पडली आणि तो ओरडला, “ए, बास, बास!” तेव्हा कुठे माझा पाय हलला.

पुढचे पंधरा दिवस भांडी घासताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, सिग्नलला उभी असताना मी ते चार सेकंद मोजत होते. मी तशी धसमुसळी नाही. एसटीच्या ड्रायव्हरची मुलगी आहे मी.

मुलगा कॉलेजला गेला आणि त्या वर्षी नवऱ्याच्या डोक्यात कॅम्परचं, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराचं, खूळ शिरलं. रिटायर झालेल्या एका जोडप्याकडून त्याने जुना फिफ्थ-व्हील जातीचा कॅम्पर घेतला, त्यापाठोपाठ तो ओढायला जुनाच डिझेलचा पिकअप आला. दोन्ही दारात उभं करायची सोय नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीमधल्या आमच्या सोसायटीला कुणाच्या ड्राइव्ह-वेवर कॅम्पर दिसला की लगेच पत्र पाठवावंसं वाटतं. म्हणून पलीकडे एपेक्समध्ये महिन्याच्या भाड्याने जागा घेतली. तेवढ्यात नवऱ्याच्या खांद्याचं ऑपरेशन निघालं आणि माझा बाप ड्रायव्हर होता हे लग्नानंतर २६ वर्षांनी त्याला एकदम आठवलं. “तुझ्या रक्तातच आहे,” म्हणाला. रक्तात काय असतं ते शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चार रविवार नारिंगी शंकू चिरडल्यावर कळलं.

वडिलांना, अण्णांना, पाटणला व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखवली. त्यांनी आधी चाकं मोजली. “पाचवं चाक कुठाय गं यात?” मी सांगितलं की पूर्वी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं लोखंडी चाक बसवायचे, त्याचं नाव तेवढं राहिलंय. आता चाक नाही, पिकअपच्या हौद्यात मागच्या आसाच्या वर एक जाडजूड ताटली आहे, कॅम्परच्या नाकाखालचा खुंट त्यात अडकतो. “मंजी स्टेपनी न्हाई,” अण्णा थोडे हिरमुसले. मग त्यांनी वजन विचारलं. कॅम्पर भरून १२ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास. गाडी आणि तो मिळून दहा टन. “आणि लायसन?” साधंच, रोजच्या गाडीचं. नॉर्थ कॅरोलिनात जोडगाडीची मर्यादा २६ हजार पौंडांची आहे, त्याखाली वेगळा परवाना लागत नाही. अण्णा गप्प झाले. त्यांनी हेवी लायसनसाठी, बिल्ल्यासाठी किती खेटे घातले होते ते मला माहीत आहे. “आमाला उगाच छळलं मग,” एवढंच म्हणाले.

वजनाचं गणित मात्र त्यांना माझ्याआधी कळलं. विकणारे सगळे एकच आकडा फेकतात, ही गाडी किती ओढते. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून गाडीच्या पाठीवर किती वजन चालेल. आमच्या पिकअपवर २७०० पौंड आहे. फिफ्थ-व्हीलचा साधारण पाचवा हिस्सा भार त्या खुंटावरून गाडीच्या पाठीवर येतो, आमचा २२०० भरला. त्यात ती ताटली दीडशेची आणि आम्ही दोघं तीनशे. उरले पन्नास पौंड. ट्रकवाल्यांच्या काट्यावर वजन करून आलो त्या दिवसापासून नवऱ्याने पिकअपमध्ये टूलबॉक्स ठेवायचं सोडलं आणि माझ्याकडे आशेने बघत जेवण कमी केलं. मी अण्णांना म्हटलं, मग सामान कॅम्परमध्ये पार मागे सरकवलं तर पाठीवरचा भार कमी होईल ना? तर त्यांनी माझ्या आजोबांचा शब्द काढला. “उलाळ होईल की गं.” बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरलं की धुरजड, मग बैलांची मान मोडते. गाडी भरणाऱ्याचं कसब या दोन्हींच्या मधलं. मी कितीतरी व्हिडिओ बघून जे शिकले, ते आजोबांकडे दोन शब्दांत होतं.

जोडायची पहिली सकाळ एप्रिलमधली. आमच्याकडे त्या दिवसांत पाइनचे परागकण उडतात. गाड्या, कठडे, कुत्र्यांच्या पाठी, सगळ्यावर पिवळा थर. कॅम्परच्या छतावरून तो ओघळून काचांवर आला होता, भंडारा उधळल्यासारखा. नवऱ्याने चाकांना पाचरी लावल्या. मी हौद्याचं फळकं खाली पाडून इंचाइंचाने मागे गेले. खुंटाची पट्टी ताटलीपेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे गाडी शिरताना कॅम्परचं नाक जरासं उचललं जातं. ते नाक उचलताना लोखंडावर लोखंड घासतं, त्याचा कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि मग जबडा मिटतो. धाड्! आवाज सीटमधून थेट मणक्यात. मला वाटलं काहीतरी मोडलं. नवरा टॉर्च घेऊन हौद्यात आडवा झाला आणि खुंटाभोवती जबडा नीट मिटलाय का ते बघायला लागला, कारण आवाज फसवू शकतो. कधीकधी खुंट जबड्याच्या वरच बसलेला असतो आणि कॅम्परचे टेकूचे पाय उचलून गाडी पुढे घेतली की पाच टनांचं घर हौद्यावर कोसळतं. मग खिट्टी, मग दिव्यांची सात पिनांची केबल, मग ती बारीक तार, जी घर सुटलंच तर ताणून निघते आणि त्याचे स्वतःचे ब्रेक लावते. शेवटी पाचरी तशाच ठेवून, कॅम्परचे ब्रेक हाताने दाबून, पिकअप हळूच पुढे ओढून बघायचा. ओढ बसली, सुटलं नाही, मगच पुढचे पाय वर. नवरा बाहेर आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते. त्या वासाने मी क्षणभर पाटणच्या डेपोत उभी होते, हातात जेवणाचा डबा.

निघालो. पहिलं वळण उजवीकडे होतं आणि अण्णांनी बजावून ठेवलं होतं, “शेपूट भाईर जाईल, डावीकडं सांभाळ.” बसचं बरोबर आहे. बसची चाकं आत असतात आणि मागचा पत्रा बाहेर झुलतो. पण हे दोन तुकड्यांचं जनावर. मागचं धूड बाहेर जात नाही, ते आतली वाट कापतं, मेंढरू बांधावरून उडी मारून जवळची वाट धरतं तसं. त्यामुळे चौकात सरळ पुढे, वेड्यासारखं पुढे जायचं, समोरच्या लेनमधल्या माणसाच्या पोटात गोळा येईपर्यंत, आणि मग वळायचं. ४० वर्षं गाडी चालवलेल्या बापाचा सल्ला चुकला याचं मला वाईट वाटलं. थोडासा आनंदही झाला. तो का, ते मी स्वतःला विचारलेलं नाही.

विंडशील्डच्या कोपऱ्यात मी एक कागद चिकटवलाय: १२ फूट १० इंच. कॅम्परची उंची. डरममध्ये रेल्वेचा एक पूल आहे, आमच्याकडच्या सगळ्यांना ठाऊक असलेला. वर्षानुवर्षं त्याची उंची ११ फूट ८ इंच होती, आणि भाड्याचे ट्रक त्याखाली शिरून त्यांची छपरं टिनच्या डब्यासारखी सोलली जायची. २०१९मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला. तरीही लोक आदळतात. इशारा देणारे दिवे आहेत, पाट्या आहेत. आमची वाट त्या बाजूने नव्हतीच, तरी रूट ६४वरचा प्रत्येक पूल आला की मी मान खाली घालत होते. मान खाली घालून कॅम्पर खाली होत नाही हे कळत होतं. मागून मोठा ट्रक ओलांडून गेला की आधी त्याच्या हवेचा लोट आम्हाला बाहेर ढकलायचा, मग आत ओढायचा. ताशी ५५ मैलांवर मी स्टिअरिंग असं धरलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. जॉर्डन लेक घरापासून जेमतेम वीस मैलांवर आहे. लेकाला घेऊन पोहायला शंभरदा गेले असेन, पण ते इतकं लांब कधीच नव्हतं.

जॉर्डन लेक हे खरं तर धरण. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खोरं भरलं आणि खालची शेतं, रस्ते पाण्यात गेले. तिथलं पाणी मला नेहमी कोयना धरणाच्या शिवसागराची आठवण करून देतं. अडवलेल्या पाण्याची शांतता वेगळीच असते, नदीची नव्हे.

आमची जागा उजव्या हाताला. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे डावीकडे मागे घेणं सोपं, मान बाहेर काढली की सगळं दिसतं. उजवीकडे आंधळं. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला हात ठेवायचा आणि मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा, हे पाठ होतं. सुरुवात छान झाली. पण कॅम्पर जसजसा उजवीकडे मुडपत गेला, तसतसा उजवा आरसा त्याच्या पत्र्याने भरत गेला आणि डाव्या आरशात नुसती झाडं उरली. नवरा उजव्या मागच्या कोपऱ्यापाशी उभा होता. आरशाच्या कडेला त्याची निळी टोपी, हलणारा हात. मग आधी हात गेला, मग टोपी. विजेचा खांब डाव्या अंगाला होता, तो किती लांब आहे ते बघायला तो कॅम्परच्या मागून पलीकडे निघाला होता. मागून. मी ज्या दिशेने येत होते, त्याच वाटेवरून.

पाटणच्या स्टँडवर मी हे दृश्य लहानपणी किती वेळा बघितलं असेल. अण्णांची चिपळूण गाडी दुपारी कुंभार्ली घाट चढून यायची. पावसाळ्यात बोनेटमधून वाफ, वायपर एकच चालणारा. गाडी फलाटाला उलटी लावायची आणि त्यासाठी कदममामा, त्यांचे कंडक्टर, मागे उतरायचे. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटाचा चिमटा. तो चिमटा ते पत्र्यावर वाजवायचे, टक् टक्, टक् टक्, आणि तोंडाने ताल धरायचे, “येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...” मग एक मोठी थाप. “हां, बास!” गाडी फलाटापासून वीतभर अंतरावर थांबलेली. मी खांबाला टेकून डबा सांभाळत उभी असायची आणि मला त्यात बघण्यासारखं काही वाटायचं नाही. शाळेत फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा असला की मी ‘राज्य परिवहन महामंडळात नोकरी’ असं लांबलचक लिहायची. ड्रायव्हर हा शब्द टाळायला तेवढी जागा पुरायची.

त्या रात्री अण्णांना फोन केला. सांगायचं ते सांगितलंच नाही. उलट त्यांनाच विचारलं, तुम्ही इतकी वर्षं गाडी मागे कशी घेतलीत? मागची काच बघावी तर आत माणसं, टपावर पोती, आरसे ते तसले. ते हसले. “म्या कुठं घेतली? कदम घ्यायचा. म्या नुसता पाय धरून बसायचो.” मग जरा थांबून म्हणाले, “पर एक हुतं. कदम आरशातनं गेला की गाडी हुबी. मग तो बिडी वढाया गेला आसंल, न्हाईतर आनि कुठं. दिसंना की हुबी.” एकदा हेळवाकला, आषाढात, रात्री अकरा वाजता गाडी वळवताना कदममामांच्या हातातली बॅटरी विझली. अण्णांनी ब्रेक दाबला. आतले पाशिंजर वैतागून ओरडायला लागले. अण्णा खाली उतरून बघतात तर कदममामा चिखलात घसरून मागच्या चाकाच्या पुढ्यात उताणे, आणि बॅटरी शोधतायत. “हाताएवढं अंतर ऱ्हायलं हुतं,” अण्णा म्हणाले, आणि मग लगेच, “तुझी ती गाडी आवरेज किती देती?”

गॅलनला दहा मैल. हिशेब करून सांगितलं, लिटरला सव्वाचार किलोमीटर. अण्णांनी असा चेहरा केला की बिचाऱ्या नवऱ्याला समोरून उठावं लागलं. “पन्नास मान्सं बसायची आमच्या गाडीत,” ते म्हणाले, “तुमी दोघंच की.”

तळ्याकाठी कॅम्परचं दार उघडलं तेव्हाचं सांगायचं राहिलं. आत हळद. मिसळणाच्या डब्याचं झाकण मी नीट लावलं नव्हतं, आणि कुठल्या तरी वळणावर तो ओट्यावरून पडून अख्ख्या फरशीवर पसरला होता. हळद, तिखट, मोहरीचे दाणे फ्रीजच्या खालीसुद्धा. बाहेर पिवळं, आत पिवळं. नवरा पायऱ्यांवर उभा राहून बघत होता आणि मी वाट बघत होते की आता हा त्या चार सेकंदांबद्दल काहीतरी बोलेल. तो बोलला नाही. “पिठलं होईल ना एवढ्यात?” म्हणाला. मी डब्यात उरलेली हळद बोटाने खरवडली. तो रागावला नाही, त्याचाच मला राग आला. घाबरला होता का, हेही विचारता आलं नाही. बाजूच्या जागेवरून एक म्हातारे गृहस्थ आले, जोडणीची केबल लोंबत राहिली तर झिजते असं सांगून गेले, नाकाला मसाला झोंबून दोनदा शिंकलेही.

ऑक्टोबरात ॲशव्हिलला जायचं चाललंय. येताना ओल्ड फोर्टचा उतार आहे, सहा टक्के, मैलोन् मैल, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकना शिरायला बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत. अण्णांचं त्यावरचं सूत्र कुंभार्लीचंच, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. इथे मात्र ते चुकणार नाहीत असं वाटतं. गाडीला जड ओझं ओढताना दाबायचं एक बटण आहे, तेही नेमकं हेच करतं.

पण ते पुढचं. रविवारी दुपारी आम्ही एपेक्सला परतलो. तिथेही कॅम्पर मागेच घ्यावा लागतो, दोन मोठ्या बोटींच्या मधल्या फटीत. फोन लावला नाही. काचा खाली केल्या, नवरा मागे गेला. “येऊ दे... येऊ दे...” पिवळ्या धुरळ्यातून त्याचा आवाज येत होता आणि आरशात टोपी होती. अर्ध्यावर टोपी गेली. आवाज चालूच होता, स्पष्ट, “येऊ दे, येऊ दे.” मी ब्रेक दाबला आणि दाबून धरला.

“काय झालं? का थांबलीस?” तो बोटीच्या मागून बाहेर आला, वैतागलेला, दुखरा खांदा धरून.

“दिसला नाहीस.”

“अगं, इथंच तर होतो. ओरडत होतो की.”

“हो,” मी म्हटलं, “आरशात ये.”